कणकेवरची बोटे

१

डोंबिवली पूर्वेला, ज्या वळणावर रिक्षा नेहमी एकमेकींत अडकतात त्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर परशुराम पालांडे यांचे घर होते; आणि त्या घरात दिवस कसा सुरू व्हावा याविषयी काही वाद उरला नव्हता. पाणी येईल तेव्हा ते भरायचे, पत्नीला कुशीवर वळवायचे, तिचे अंग पुसायचे, तिच्या उजव्या हाताला तेल लावून एकेक बोट उघडायचे आणि मिटायचे, मग चहा, आणि चहानंतर ओट्याच्या कोपऱ्यातल्या काचेच्या बरणीकडे पाहायचे. पालांड्यांनी या क्रमात कधी उलटापालट केली नाही. सारी नोकरी त्यांनी कल्याणजवळ मोहन्याला, कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. तेथे क्रम चुकला की निष्कर्ष चुकत असे. निवृत्तीनंतर घरालाही तोच नियम लावण्यात त्यांना काही वावगे दिसत नव्हते.

गेल्या हिवाळ्यात आसावरीबाईंना पक्षाघाताचा झटका आला. पाय हळूहळू परतला. काठी आणि नवऱ्याचा खांदा यांच्या आधाराने त्या न्हाणीघरापर्यंत जाऊ लागल्या. उजवा हात मात्र खांद्यापासून जो गेला तो गेलाच. जीभ थोडी जड झाली, पण तिची धार कमी झाली नाही.

इमारतीला लिफ्ट नव्हती. मुलगी संचिता ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहत असे. तिच्या घराजवळ उपचार केंद्र होते, तिच्या इमारतीला लिफ्ट होती, आणि सासू-सासऱ्यांसह आधीच भरलेल्या तिच्या घरात आणखी एका माणसापुरती जागा होती. एकाच. पालांड्यांनी तिच्याकडून मुदत मागून घेतली होती. उन्हाळा सरेपर्यंत हातात काही हालचाल दिसली तर आसावरी येथेच राहील. न दिसल्यास ती ठाण्याला जाईल. हा करार बापलेकीने फोनवर, अत्यंत सभ्य शब्दांत केला.

"मला कुणी विचारलंच नाही," असे आसावरीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "कपाट हलवायचं असतं तर निदान त्याची मापं तरी घेतली असती."

बरणीची कल्पना संचिताचीच. बाईंना चपाती चावत नव्हती. चहात बुडवून पाव खावासा वाटे, पण बेकरीच्या पावाने घशाशी येई.

"घरीच करा ना बाबा," संचिता फोनवर म्हणाली. "यीस्टबिस्ट काही नको. पीठ आणि पाणी, बस. स्टार्टर आपोआप तयार होतो."

"आपोआप काहीही होत नाही," पालांडे म्हणाले. "पिठात जंतू असतात, हवेत असतात. ते वाढतात."

"हो, तेच. तुमच्या त्या जंतूंना रोज खायला घालायचं."

पालांड्यांनी गिरणीतून ताजी कणीक दळून आणली. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येई, म्हणून तो उडून जावा यासाठी ते रात्रभर उघडे ठेवले. समभाग कणीक, समभाग पाणी, वर मलमलचे फडके. आरंभी मिश्रण उत्साहाने फसफसले. मग एकाएकी मेल्यासारखे पडून राहिले आणि त्याला ओल्या मोज्यांचा वास येऊ लागला. पालांडे डगमगले नाहीत. रोज निम्मे काढून टाकायचे, उरलेल्यात नवी कणीक आणि नवे पाणी घालायचे, हे त्यांनी चालूच ठेवले. अखेर एके सकाळी ते बरणीत दुपटीने वर आले होते, जाळीदार झाले होते, आणि वासात ताकाचा आंबूसपणा उतरला होता. संचिता त्याला स्टार्टर म्हणे. पालांडे विरजण म्हणत. आसावरीबाई म्हणत, "तुमचं बाळ."

काढलेले निम्मे टाकून देण्यास मात्र बाईंनी साफ नकार दिला. अन्न मोरीत जाणार नाही, असे त्यांनी पलंगावरून फर्मावले. तेव्हापासून त्या निम्म्याची रोज धिरडी होत, आणि ती दोघे मिळून खात.

२

एप्रिलच्या अखेरीस उकाडा असा वाढला की विरजण दुपारपर्यंत चढून, आंबट होऊन, बसून जाई. संचिताने उपाय सांगितला. "पातळ ठेवूच नका. घट्ट करा, चपातीच्या कणकेसारखं. मग सावकाश आंबतं."

पालांड्यांना हे शास्त्राला धरून वाटले. त्यांनी कणकेचे प्रमाण वाढवले, गोळा मळला, तो चिनी मातीच्या वाडग्यात ठेवला, वर ओले फडके पसरले आणि जेवण उरकून ते बाहेरच्या खोलीत, पत्नीच्या पलंगाशेजारच्या दिवाणावर आडवे झाले.

चहाच्या वेळी त्यांनी फडके उचलले. गोळ्यावर चार खळगे होते.

खळगे एका रांगेत होते, पण एका रेषेत नव्हते. दुसरा सर्वांत पुढे, पहिला व तिसरा त्याच्या किंचित मागे, चौथा उजवीकडे जरा फटकून. पालांड्यांनी चष्मा पुसला. आत वायू साचतो, पृष्ठभाग ठिकठिकाणी खचतो, हे स्पष्टीकरण त्यांना तत्क्षणी सुचले आणि त्यांनी ते मान्य केले. गोळा पुन्हा मळला.

दुसऱ्या दिवशी खळगे पुन्हा तेथेच होते. फडक्याची घडी रुतली असावी, म्हणून त्यांनी फडके ताणून वाडग्याच्या कडेला दोऱ्याने बांधले. तिसऱ्या दिवशी फडके ताणलेले होते, दोरा बांधलेला होता, आणि फडक्याखाली खळगे होते. ओट्यापाशी उभे राहून त्यांनी, केवळ तुलनेसाठी, आपला उजवा हात त्यांच्यावर अधांतरी धरला. बोटे जुळली. फक्त पालांड्यांची बोटे जाड होती.

३

आसावरीबाईंचे माहेर चिपळूणकडचे. उरलेली कणीक झाकून ठेवताना तिच्यावर चार बोटे दाबून खुणा करायच्या, ही त्यांच्या घरातली रीत होती. बिनबोटांचा गुळगुळीत गोळा पिंडासारखा दिसतो. ज्यांना पिंड देणारे कोणी उरलेले नाही, ते तो आपला समजतात. त्यांच्या आईने त्यांना एवढेच सांगितले होते, आणि त्यांनीही कधी याहून अधिक विचारले नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात पालांड्यांनी या विषयावर एक छोटेखानी व्याख्यान दिले. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, कणकेवर बोटे दाबली आणि डबा झाकला. पुढे चाळीस वर्षे त्यांनी बोटे दाबली, आणि चाळीस वर्षे पालांडे हसले.

म्हणून ओट्यापाशी उभे असताना त्यांच्या मनात एकच विचार आला. ती उठते. आपण झोपलो की ती भिंतीच्या आधाराने स्वयंपाकघरात जाते, उजव्या हाताने गोळ्यावर बोटे उमटवते, दोरा पुन्हा बांधते आणि गुपचूप परत येऊन निजते. हात येतो आहे. तिला ते आताच सांगायचे नसावे.

संध्याकाळी त्यांनी आडून चौकशी केली.

"दुपारी झोप लागते का तुला?"

"तुमच्या घोरण्यातून वाट काढत आली तर लागते."

"मध्येच उठतेस का?"

"उठून कुठं जाऊ? कल्याणला?"

"स्वयंपाकघरात."

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. "अहो, मला तिथवर एकटीला जाता आलं असतं ना, तर तुमच्या त्या बाळाला आधी मोरीत ओतलं असतं."

जी बाई काल अन्न मोरीत जाऊ देत नव्हती, तिच्या तोंडी हे वाक्य यावे, याचे पालांड्यांना नवल वाटायला हवे होते. त्यांना ते लटके वाटले. त्यांनी त्या रात्री दोन धिरडी अधिक खाल्ली.

४

व्यायाम करून घेणारा हर्षित कल्याणहून स्कूटरवर येत असे. हसतमुख, गडबड्या मुलगा. जिन्यातूनच बोलायला सुरुवात करी.

"काय काकी, आज काय स्पेशल?"

"आज पण तोच हात. बदलून देतोस का?"

"वॉरंटी संपली, काकी."

त्याने बाईंचा उजवा हात कोपरातून वाकवला, सरळ केला, तळव्यावर आपली दोन बोटे ठेवून दाबायला सांगितले. बाईंनी डोळे मिटून प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. बोटे तशीच पडून राहिली.

"नाय काका. झीरो आहे अजून," हर्षित म्हणाला आणि मग थबकला. "काकी, पीठ मळताय की काय? नखांत बघा."

पालांडे वाकून पाहू लागले. उजव्या हाताच्या चार नखांत कणीक वाळून पांढरी झाली होती. अंगठ्याचे नख स्वच्छ होते.

"मी मनात म्हणतच होतो," पालांडे म्हणाले.

आसावरीबाई आपल्या नखांकडे पाहत राहिल्या.

हर्षितने पुन्हा परीक्षा घेतली. पुन्हा काहीच नाही. मग त्याने उजवा हात उचलला, खाली ठेवला, डावा उचलला, खाली ठेवला, आणि पुन्हा उजवा उचलून नुसताच धरून राहिला. त्याचे हसू मावळले होते.

"काका, एक बोलू? हा हात हलका लागतो."

"म्हणजे सुधारणा आहे?"

"तसं नाय. मसल उतरला की थोडा फरक पडतो, ते मी समजू शकतो. पण हे म्हणजे..." त्याने शब्द शोधला. "आत काय नाय असं वाटतं. मागच्या आठवड्यात नव्हतं असं. डॉक्टरला एकदा दाखवून घ्या तुम्ही."

चहा न घेता तो गेला. पालांड्यांनी कोमट पाणी आणून पत्नीची नखे स्वच्छ केली आणि गॅलरीत जाऊन संचिताला फोन लावला.

"आईचा हात हलतो आहे."

"खरंच? तुम्ही हलताना बघितलात?"

"माझ्याकडे पुरावा आहे."

"बाबा, हात हलतोय की पुरावा?"

पलीकडे संचिताने निःश्वास टाकला. "बरं. रविवारी येते. मला दाखवा. माझ्या डोळ्यांनी बघितलं ना, की ठाण्याचं नाव नाही काढणार मी. पण नाही दिसलं तर उन्हाळा सरायची वाट नाही बघणार, आईला घेऊनच निघेन. गाडी सांगून ठेवलीय."

५

जी गोष्ट दाखवायची ती आधी स्वतः पाहिली पाहिजे, हे पालांड्यांना कोणी शिकवायला नको होते. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी घातली, खुर्ची पलंगाशी ओढली आणि तिच्यात ताठ बसले. आपण झोपलो आहोत असे भासवण्यासाठी त्यांनी मधूनमधून घोरण्याचा आवाजही केला. आसावरीबाईंचा डोळा लवकरच लागला. उजवा हात चादरीवर, छातीच्या जरा खाली, उताणा ठेवलेला होता.

दुपार अगदी साधी होती. पंखा एका फेरीत एकदा कुरकुरत होता. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी उशिराचा कुकर शिट्टी देत होता. सुट्टी लागलेली मुले जिन्यात पत्ते खेळत होती आणि एकमेकांना लबाड ठरवत होती. उन्हाचा एक पट्टा लादीवरून सरकत पलंगाच्या पायाशी आला.

मग बंद दाराआडून आवाज आला. तो ओला आणि दबका होता. कणीक तिंबताना जसा येतो तसा, पण फार हळू. एकदा आला आणि थांबला.

पालांडे दाराकडे धावले नाहीत. त्यांनी पत्नीच्या हाताकडे पाहिले. हात हलला नव्हता. खांदा हलला नव्हता. केवळ बाईंच्या कपाळावर झोपेत आठी पडली होती, जड काही ढकलणाऱ्या माणसाच्या पडते तशी. आणि चादरीवर उताण्या पडलेल्या चार बोटांची टोके पांढरी पडली होती. त्यांना काहीही लागत नव्हते, वर नुसती हवा होती. तरी ती चपटी झाली होती, काचेवर दाबलेली बोटे पलीकडून दिसावीत तशी. पालांडे पाहत असतानाच ती हळूहळू पुन्हा गोल झाली आणि त्यांत रंग उतरला.

कडी जशी घातली होती तशीच होती. दोरा बांधलेला होता. फडक्याखाली चार खळगे होते, आणि ते इतके ताजे होते की त्यांच्या कडा अजून मावळत होत्या.

पालांडे खुर्चीत परत येऊन बसले. उंदीर, पाण्याचे पाइप, उकाडा, उतारवयातील दृष्टिदोष अशी एकेक शक्यता त्यांनी तपासली. कोणतीही पुरी पडेना. अखेर त्यांनी जिवंत शरीराविषयी आपल्याला फार थोडे ठाऊक आहे, असा निष्कर्ष काढला, आणि तो निष्कर्ष नसून निव्वळ माघार आहे, हे त्यांना कळत होते.

६

"आज तुम्ही झोपला नाहीत," चहाची बशी डाव्या हाताने तोंडाला लावत आसावरीबाई म्हणाल्या. "खोटं घोरता आणि वर स्वतःला शास्त्रज्ञ म्हणवता."

"हात जाणवतो का तुला?" पालांड्यांनी सरळच विचारले.

बाईंनी बशी खाली ठेवली.

"इथं नाही जाणवत," त्यांनी डाव्या हाताने चादरीवरच्या उजव्या हाताला बोट लावून दाखवले. "हे माझं नाहीच, असं वाटतं. पण दुपारी जाणवतो. दुसरीकडे. गार असतं तिथं, आणि ओलं. अंधार असतो. वरती फडकं आहे, हे कळतं मला."

"मेंदूला असे भास होतात. पाय कापलेल्या माणसाला..."

"होत असतील. मला सांगू द्या. आधी नुसतं तिथं असायचं. मग एक दिवस समोरून कुणीतरी चाचपडायला लागलं. आंधळ्यानं ताट चाचपडावं ना, तसं. मग मी दाबली बोटं. सवयच ती. दाबली की ते जातं."

जिन्यातली मुले घरी गेली होती. पंखा कुरकुरत होता.

"रोज येतं का?"

"रोज. आणि दिवसेंदिवस लवकर येतं." बाईंचा आवाज नेहमीचाच होता, भाजीवालीविषयी बोलावे तसा. "दमले मी आता. तुम्ही ते मोडा. त्याच्या चपात्या करा, गाईला घाला, काहीही करा. पण गोळा करून ठेवू नका."

"रविवारपर्यंत थांब," पालांडे म्हणाले. "रविवारी संचिताला दाखवू. मग लगेच मोडतो. तू गेलीस की..." वाक्य पुरे झाले नाही. पुरे न झालेले वाक्य त्यांना कोणाच्याही तोंडी खपत नसे.

बाई म्हणाल्या, "मग निदान रविवारी तुम्ही तुमची बोटं दाबून ठेवा. आधीच. माझ्याच्यानं झालं नाही तर असू द्यात."

"माझीच बोटे उमटवली तर तुझी दाखवणार कशी?"



७

रविवारी सकाळी पालांड्यांनी गोळा विशेष काळजीने केला. नेहमी ते चार घावांत मळून वाडग्यात टाकत. कणीक ओबडधोबड राही, कुठे सुरकुती, कुठे अंगठ्याचा दाब. पुराव्यासाठी तसा पृष्ठभाग चालण्यासारखा नव्हता. त्यांनी कणीक पुष्कळ वेळ तिंबली, सुरकुत्या आतल्या अंगाला वळवल्या, हाताला पाण्याचे बोट लावून गोळा तळव्यावर फिरवत राहिले. वाडग्यात ठेवला तेव्हा त्यावर एक रेघही नव्हती. त्यात खिडकीचे चौकोन दिसत होते. एवढे सफाईदार काम आपण प्रयोगशाळेतही क्वचितच केले असेल, असे त्यांना वाटून गेले.

संचिता दुपारी आली. आईच्या कपड्यांसाठी तिने रिकामी बॅगही आणली होती, आणि ती दाराशी जमेल तितकी आड ठेवली होती.

"काय गं, माझं माप घ्यायला आलीस?" आसावरीबाईंनी विचारले.

"आई, नको ना. आधीच मला कसंतरी होतंय."

जेवणे झाली. बाई आडव्या झाल्या. संचिता पलंगावर त्यांच्या उजव्या बाजूला बसली, पालांडे खुर्चीत. स्वयंपाकघराला कडी होती. काय दिसणार आहे, हे पालांड्यांनी मुलीला सांगितले नव्हते. निरीक्षकाचे मन कोरे असावे, एवढेच ते म्हणाले होते. संचिताने फोन हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला.

बाई झोपल्या. श्वास संथ झाला. पालांडे बोटांच्या टोकांकडे पाहत होते. कपाळावर आठी उमटली.

स्वयंपाकघरातून आवाज आला नाही.

आठी गडद झाली. बाईंची मान उशीवर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरली. ओठ हलले. बोटांची टोके पांढरी पडली नाहीत. मग बाईंनी डोळे उघडले आणि थेट नवऱ्याकडे पाहून, अगदी हळू, त्या म्हणाल्या, "आज आधीच आलं होतं."

त्याच क्षणी संचिताच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. ती हसत होती की रडत होती, ते सांगता आले नसते.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, धरलं. माझं बोट धरलं आईनं."

उजव्या हाताने संचिताची तर्जनी मुठीत घेतली होती. मूठ सैल झाली, पुन्हा आवळली. मग हाताने ते बोट सोडून तिचा तळवा चाचपला, मनगट चाचपले, बांगडीपाशी तो थांबला, तिच्याखाली शिरून पुढे गेला. संचिता हुंदके देत नवऱ्याला फोन लावत होती.

पालांडे उठले, कडी काढून आत गेले. दोरा बांधलेला होता. फडके कोरडे पडले होते. त्याखाली खळगे नव्हते. गोळा सकाळी होता तसाच गुळगुळीत, एक रेघही नसलेला, त्यात खिडकीचे चौकोन दिसत होते. फक्त तो लिंबाएवढा उरला होता.

८

संचिताने शब्द पाळला. रिकामी बॅग घेऊन ती दिवेलागणीच्या सुमारास निघाली. निघताना वाकून नमस्कार करून म्हणाली, "सॉरी बाबा. मी उगाच घाई केली. आई इथंच राहू दे. तुमच्याच हातून बरी होईल ती." आईच्या उजव्या हाताने तिला सहज सोडले नाही, तिची ओढणी धरून ठेवली, आणि ती सोडवून घेताना संचिता लहान मुलीसारखी हसली. आसावरीबाई हसल्या नाहीत. झोपेतून उठल्यापासून त्या मुलीशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. औषधाची गुंगी असेल, असे संचिताने स्वतःच ठरवून टाकले.

दार लागले. पालांड्यांनी दिवा लावला. उजवा हात बाईंच्या मांडीवर उताणा होता आणि उघडत-मिटत होता, संथपणे, न थकता.

"अहो," आसावरीबाई म्हणाल्या, "मी हलवत नाहीये."

"माहीत आहे," पालांडे म्हणाले.

"माझी बोटं बाजूला सारली. चिडून नाही. गर्दीत आपण कुणाला सारतो ना, तशी. आणि माझ्याच वाटेनं आलं." त्या त्या हाताकडे, नको असताना शेजारी येऊन बसलेल्या माणसाकडे पाहावे तशा पाहत होत्या. "भूक आहे त्याला. दुसरं काही कळत नाही मला त्याच्याबद्दल."

पालांडे उभेच होते.

"जा," बाई म्हणाल्या. "उरलेल्या गोळ्यावर बोटं दाबा. तुमची. चार. सोपं आहे, चाळीस वर्षं बघितलंय तुम्ही."

"मग हे जाईल?"

"जाईल."

"आणि हात?"

"हातही जाईल. कुठलाच राहणार नाही बहुतेक." त्यांनी जरा दम घेतला. "ठाण्याला लिफ्ट आहे म्हणे."

पालांडे स्वयंपाकघरात गेले. लिंबाएवढा गोळा परातीत घेतला, त्यात कणीक घातली, पाणी घातले, मळला, गोल केला. मग उजव्या हाताची चार बोटे जुळवून त्यांनी ती गोळ्यावर धरली. बाहेरच्या खोलीतून पलंगाच्या लाकडावर हलकी टकटक ऐकू येत होती. पान वाढायला उशीर होत असला की पंगतीतले एखादे शहाणे माणूस करते तसे. त्यात रागाचा भाग नव्हता. त्यांना टेंभी नाक्याजवळचे ते घर आठवले, त्यातली ती एका माणसाची जागा. हे दोन खोल्यांचे घर आठवले; पाणी भरायचे, कुशीवर वळवायचे, अंग पुसायचे, तेल लावायचे. उद्या सकाळी यांपैकी काहीच करायचे नसेल, तर चहा कितीच्या सुमारास घ्यायचा, ते त्यांना ठरवता येईना.

बोटे किती वेळ अधांतरी होती, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. मग त्यांनी ती पाण्यात बुडवली, आणि ओला तळवा गोळ्यावरून फिरवू लागले. एक सुरकुती राहिली होती, तीही त्यांनी आत वळवली. गोळ्यात दिव्याचा ठिपका दिसू लागला तेव्हा ते थांबले आणि त्यांनी फडके झाकले.

बाहेर टकटक बंद झाली.

हात धुऊन, पुसून ते पलंगापाशी आले. नेहमी ते बाईंच्या उजव्या बाजूला बसत. आज वळसा घालून डाव्या बाजूला बसले आणि बाईंचा डावा हात हातात घेण्यासाठी त्यांनी आपला पुढे केला. आसावरीबाईंनी त्यांच्या ओल्या बाहीकडे पाहिले. बोटे दाबायला पाणी लागत नाही. त्यांनी डावा हात चादरीखाली ओढून घेतला.

पुढे आला तो उजवा.